व्हर्जिनियाचं कार्टर घराणं : वंशावळ लावताना नेमकं कुठे चुकतं?

दप्तरदार

जालावर कार्टर घराण्याचे तक्ते ढिगाने सापडतात. बहुतेक एकमेकांवरून उतरवलेले आहेत, त्यामुळे एकाची चूक पन्नास ठिकाणी दिसते आणि पन्नास ठिकाणी दिसते म्हणून खरी वाटते. हा धागा मूळ कागद कसे वाचायचे यासाठी.

आधी ढोबळ चौकट. जॉन कार्टर इंग्लंडहून १६३५ च्या सुमारास व्हर्जिनियात आला आणि पुढे रॅपाहॅनॉक नदीच्या मुखाशी, लँकेस्टर काउंटीत, कोरोटोमनला स्थिरावला. त्याचा मुलगा रॉबर्ट. याला लोक ‘किंग’ म्हणत आणि ते कौतुकापेक्षा टोमण्यानेच जास्त. हा नॉर्दर्न नेकच्या (पोटोमॅक आणि रॅपाहॅनॉक नद्यांमधल्या मुलखाच्या) मालकांचा, म्हणजे फेअरफॅक्स घराण्याचा, दोनदा एजंट होता : १७०२ ते १७११ आणि १७२२ ते मृत्यूपर्यंत. १७२६-२७ मध्ये हंगामी गव्हर्नरही होता. ४ ऑगस्ट १७३२ रोजी वारला, तेव्हा लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनने ३ लाख एकर जमीन, सुमारे १,००० गुलाम आणि १०,००० पौंड रोकड असा हिशेब छापला.

१७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे बेंजामिन हॅरिसन आणि कार्टर ब्रॅक्स्टन हे दोघेही त्याच्या मुलींचे मुलगे. सेनापती रॉबर्ट ली हा त्याच्या पणतीचा मुलगा.

एक नियम आधीच सांगून ठेवतो : या घराण्यात नातं शोधायचं असेल तर मालमत्तेचा कागद शोधा. बाप्तिस्मा, लग्न यांच्या नोंदी तुटक आहेत. जमीन आणि माणसं कोणाकडून कोणाकडे गेली, ते मात्र वारंवार लिहिलेलं आहे.

खापरपणतू

सुरुवात जॉनच्या बायकांपासून करू, कारण निम्मे तक्ते तिथेच घसरतात.

लँकेस्टरच्या क्राइस्ट चर्चमध्ये जॉनच्या थडग्याची शिळा आहे. तिच्यावर मृत्यूची तारीख १० जून १६६९, आणि खाली बायकांची नावं ओळीने : जेन, मॉर्गन ग्लिन यांची मुलगी, आणि तिचा मुलगा जॉर्ज, एलिनॉर, ॲन, क्लीव्ह कार्टर यांची मुलगी, सारा, गॅब्रिएल लुडलो यांची मुलगी, आणि तिची मुलगी सारा. शेवटी म्हटलंय की या सगळ्या एकामागून एक त्याच्या बायका होत्या आणि त्याच्या आधी वारल्या.

या शेवटच्या वाक्याकडे दुर्लक्ष होतं. शिळेवर चारच बायका आहेत, कारण चारच त्याच्या आधी गेल्या. पाचवी, एलिझाबेथ शर्ली, मागे राहिली, म्हणून शिळेवर नाही. शिळा पाहून ‘चार लग्नं’ लिहिणारा तिला आणि तिच्या मुलाला, चार्ल्सला, सरळ गाळतो.

दुसरा खड्डा ॲनचा. ती माहेरचीही कार्टरच. माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच दिसलं की ‘माहेरचं नाव अज्ञात’ असं ठोकून द्यायची सवय आहे. इथे ते अज्ञात नाही, दगडावर कोरलेलं आहे.

किंग कार्टर हा चौथीचा, सारा लुडलोचा. म्हणून पुढे घराण्यात ‘लुडलो’ हे मळ्याचं नाव म्हणूनही येतं. ‘लँडन’ हे नाव मात्र किंगच्या दुसऱ्या बायकोकडून आलं : एलिझाबेथ लँडन, पहिल्या नवऱ्याकडून विलिस. पहिली जूडिथ आर्मिस्टेड, १६९९ मध्ये वारली. मुलांच्या नावात आजोळचं आडनाव घालायची या लोकांची रीत असल्याने मधलं नाव हा दुवा असतो. पुरावा नसतो, एवढं मात्र लक्षात ठेवा.

मुळाक्षर

किंगचं जन्मसाल कुठे १६६३, कुठे १६६४ असं का दिसतं? बाप्तिस्म्याची नोंद नाही का?

खापरपणतू

थडग्यावरून काढलेलं आहे. किंगच्या कबरीवरचा लेख लॅटिन आहे. तिथे मृत्यूची तारीख रोमन पद्धतीने, ‘ऑगस्टच्या नोन्सचा आदला दिवस’ अशी आहे. ऑगस्टचे नोन्स ५ तारखेला, म्हणून आदला दिवस ४. पुढे वय ६९.

आता लॅटिन लेखात ‘वय ६९’ याचा अर्थ ६९ पूर्ण असाही घेतात आणि ६९वं चालू असाही. पूर्ण धरलं तर जन्म ऑगस्ट १६६२ ते ऑगस्ट १६६३ मध्ये पडतो, चालू धरलं तर ऑगस्ट १६६३ ते ऑगस्ट १६६४. दोन्ही वाचनांत बसणारं साल १६६३, म्हणून ते जास्त दिसतं. तक्त्यात ‘१६६३ किंवा १६६४, थडग्यावरील वयावरून’ एवढंच लिहावं. एक साल ठोकून दिलं की पुढचा माणूस त्याला नोंद समजतो.

दप्तरदार

तारखांचा विषय निघालाच आहे तर जुन्या पंचांगाचंही होऊन जाऊ दे.

१७५२ पर्यंत इंग्रजांच्या वसाहतीत वर्ष २५ मार्चला बदलायचं. आपल्याकडे शकाचं वर्ष चैत्रात बदलतं, त्यामुळे कल्पना नवी नाही. १ जानेवारी ते २४ मार्चमधली तारीख त्या काळच्या कागदात मागच्या सालात असते. म्हणून जाणकार अशी तारीख जोडसालाने लिहितात : फेब्रुवारी १७२७/२८. नॉमिनी हॉल मळ्याचा रॉबर्ट कार्टर (किंगचा नातू) याच फेब्रुवारीतला, म्हणूनच काही तक्त्यांत तो १७२७ चा असतो, काहींत १७२८ चा.

काम करताना तीन गोष्टी पाळा.

मूळ कागदावर जे साल आहे ते जसंच्या तसं उतरवा, ‘दुरुस्त’ करू नका. दुरुस्ती वेगळ्या रकान्यात.

छापील संक्षेप वापरत असाल तर संपादकाने साल आधीच बदललंय का ते प्रस्तावनेत बघा. दोनदा दुरुस्त झालेली साल ही सगळ्यात चिवट चूक.

मार्च महिना पहिला धरला जायचा. त्यामुळे नोंदीत ‘७वा महिना’ असेल तर तो सप्टेंबर. हे जास्त करून क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कागदांत भेटतं, कार्टरांच्यात क्वचित.

मुळाक्षर

नात्याच्या शब्दांचं काय करायचं? इंग्रजीत ‘कझिन’ एकच. मराठीत लिहिताना चुलत, मामे, आते, मावस यातलं एक निवडावंच लागतं.

खापरपणतू

निवडावं लागतं हा खरं तर आपला फायदा. मराठीत तक्ता करायला बसलं की कच्चे दुवे लगेच उघडे पडतात. इंग्रजीत ते झाकून राहतात.

सतराव्या-अठराव्या शतकातल्या व्हर्जिनियात शब्द असे चालत :

‘कझिन’ म्हणजे पुतण्या, भाचा, पुतणी, भाचीसुद्धा. मृत्युपत्रात ‘माझा कझिन’ दिसला म्हणून चुलतभाऊ लिहू नका. पिढी मोजा.

‘ब्रदर’ म्हणजे सख्खा, सावत्र, मेहुणा, साडू, कधी व्याहीसुद्धा.

‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावई किंवा बायकोचा आधीच्या नवऱ्यापासूनचा मुलगा. विधवाविवाह इतके सर्रास होते की दुसरा अर्थ आधी तपासावा.

‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ म्हणजे बाप-लेक असं मुळीच नाही. एका काउंटीत एकाच नावाचे दोघे असले की थोरल्याला सीनियर, धाकट्याला ज्युनियर. थोरला वारला की कालचा ज्युनियर आजचा सीनियर.

‘इन्फंट’ म्हणजे २१ वर्षांखालचा. वीस वर्षांचा, मिशा फुटलेला इन्फंट कोर्टात असू शकतो.

‘मिसेस’ हे मानाचं संबोधन, अविवाहित बाईलाही लागतं. आणि ‘एस्क्वायर’ कोणालाही लागत नसे. व्हर्जिनियात तो बहुधा गव्हर्नरच्या कौन्सिलच्या सभासदाला.

चुकलेला_फेरफार

नावांच्या गोंधळाची भर घालतो. रॉबर्ट किमान चार : किंग, त्याचा मुलगा नॉमिनीचा रॉबर्ट, जो बापाच्या काही महिने आधी, १७३२ मध्येच वारला, नातू रॉबर्ट (‘कौन्सिलर’, १७२८-१८०४), आणि त्याचा मुलगा रॉबर्ट ब्लेडन.

चार्ल्स तर विचारूच नका. म्हणून या घराण्यात माणूस मळ्याच्या नावाने ओळखतात : क्लीव्हचा चार्ल्स, सबीन हॉलचा लँडन. पण इथेच नवा सापळा आहे. ‘कोरोटोमनचा चार्ल्स’ आणि ‘शर्लीचा चार्ल्स’ (१७३२-१८०६) हा एकच माणूस. आधी कोरोटोमनला राहायचा, नंतर शर्लीला गेला. कित्येक तक्त्यांत तो दोन चुलतभाऊ होऊन बसलाय. शर्ली ही जागा कार्टरांची नव्हेच, ती हिल घराण्याची. किंगचा थोरला मुलगा जॉन याने १७२३ मध्ये एलिझाबेथ हिलशी लग्न केलं आणि ती तिच्याकडून आली.

त्यात या चार्ल्सची पहिली बायको क्लीव्हच्या चार्ल्सची मुलगी मेरी, म्हणजे सख्खी चुलतबहीण. दुसरी ॲन बटलर मूर. सेनापती लीची आई ॲन हिल कार्टर दुसरीची. पहिलीच्या मुलांना किंग दोन्ही बाजूंनी पणजोबा लागतो. डीएनएची जुळणी लावताना असे दुहेरी दुवे असले की नातं प्रत्यक्षापेक्षा जवळचं दिसतं. टक्केवारी पाहून ‘तिसऱ्या पिढीतले चुलत’ म्हणून मोकळे होऊ नका.

शंकुसाखळी

जमिनीच्या कागदांवर येऊ का?

पहिली गोष्ट : बापाचे आणि मुलाचे कागद एका दप्तरात नाहीत. जॉनच्या काळातली पेटंटं, म्हणजे सरकारने जमीन दिल्याचे कागद, वसाहतीच्या लँड ऑफिसची. तिथे ‘हेडराइट’ चालायचा, म्हणजे एक माणूस समुद्रापलीकडून आणल्याबद्दल ५० एकर. १,००० एकरांच्या पेटंटाखाली २० नावं असायला हवीत. पोटोमॅक आणि रॅपाहॅनॉक यांच्या मधला नॉर्दर्न नेक मात्र फेअरफॅक्स मालकीचा झाला, आणि १६९० पासून तिथल्या ग्रँटची, म्हणजे मालकांनी जमीन दिल्याच्या कागदांची, वेगळी वही सुरू होते. तिथे हेडराइट नाही. पैसे भरून जमीन. किंग कार्टरच्या ग्रँटमध्ये आणलेल्या माणसांची यादी शोधत बसलात तर आयुष्य जाईल.

हेडराइटच्या नावांवरून काय काढू नये, तेही सांगतो. पेटंटाचं साल म्हणजे माणूस उतरल्याचं साल नव्हे. हक्क विकले जायचे, वर्षानुवर्षं खिशात ठेवले जायचे. एकच माणूस दोघातिघांच्या यादीत येतो. मालक स्वतःचं आणि बायकोचं नावही घालायचा, ते पाहून तिला नोकराणी ठरवू नका.

आणि ग्रँट ज्याच्या नावावर तो सज्ञान असेलच असं नाही. किंग एजंट असताना त्याने मुलांच्या, जावयांच्या आणि नातवांच्या नावावर भरपूर जमीन काढली. पाळण्यातला नातू हजारो एकरांचा धनी. ग्रँटच्या सालातून २१ वजा करून जन्मसाल काढणारे इथे फसतात.

मुळाक्षर

ग्रँटमधलं ‘पोल’ हे माप किती?

शंकुसाखळी

साडेसोळा फूट. ३२० पोल म्हणजे १ मैल, १६० चौरस पोल म्हणजे १ एकर.

आपल्याकडच्या माणसाला हे सोपं आहे. गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, आणि ३३ म्हणजे बरोबर दोन पोल. म्हणून ४ चौरस पोल = १ गुंठा, ४० गुंठे = १ एकर. दोन्हीकडे साहेबाचीच साखळी फिरलेली असल्याने हिशेब चोख जुळतो.

हद्दीचं वर्णन असं येतं : ‘पांढऱ्या ओकपासून उत्तर ३० अंश पूर्व, १६० पोल, ओढ्याकाठच्या हिकरीपर्यंत’. सगळ्या बाजू कागदावर उतरवा. १ इंच = १०० पोल धरलं तर साधारण ग्रँट एका फुलस्केपवर मावते. शेवटची रेघ सुरुवातीच्या झाडाला येऊन मिळाली पाहिजे. थोडीफार फट राहणारच, खडबडीत रानात ओढलेली साखळी आहे ती. फट मोठी असेल तर नक्कल करताना एक बाजू गळलीय किंवा ‘पूर्व’चं ‘पश्चिम’ झालंय. प्रत्येक बाजूची दिशा एकेक करून उलटून बघा, एका ठिकाणी आकृती टपकन बंद होते.

क्षेत्रही ताडून घ्या. १६० बाय १०० पोलचा चौकोन म्हणजे १६,००० चौरस पोल, म्हणजे १०० एकर. कागदात ४०० लिहिलं असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय.

हे सगळं वंशावळीसाठी का, तर शेजाऱ्यांसाठी. हद्दीत ‘अमुकच्या विधवेची जमीन’, ‘तमुकच्या वारसांची जमीन’ असं लिहिलेलं असतं. नवरा कधी वारला ते कुठेच मिळत नाही तेव्हा ते शेजाऱ्याच्या हद्दीत मिळतं. लगतच्या आठदहा ग्रँट काढून कोडं जुळवल्यासारख्या मांडाव्या.

दप्तरदार

जळलेल्या काउंट्यांचा मुद्दा. लँकेस्टरचं दप्तर १६५२ पासून बरंचसं शाबूत आहे, त्यामुळे कोरोटोमनची बाजू भक्कम. किंगच्या मुलींच्या बाजू लंगड्या, आणि दोष आगीचा. जूडिथ दिली मॅन पेजला, रोझवेल, ग्लॉस्टर काउंटी : ते दप्तर १८२० मध्ये जळलं आणि उरलंसुरलं १८६५ मध्ये रिचमंडच्या आगीत गेलं. मेरी दिली जॉर्ज ब्रॅक्स्टनला, किंग अँड क्वीन काउंटी : तिथेही जुनं दप्तर गेलेलं.

अशा वेळी विधिमंडळाचे खासगी कायदे बघावेत. व्हर्जिनियात १७०५ च्या कायद्यानंतर जमिनीचं ‘एन्टेल’, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ठराविक वारसाकडेच जाण्याचं बंधन, कोर्टात मोडता येत नसे. स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. आणि तो मागताना सगळी कर्मकथा लिहावी लागे : अमुकच्या मृत्युपत्राने जमीन तमुकला, त्याच्या थोरल्या मुलाला, तो निपुत्रिक वारला म्हणून भावाला… एकेका कायद्याच्या प्रस्तावनेत तीन पिढ्या सापडतात. हेनिंगने काढलेल्या व्हर्जिनियाच्या कायद्यांच्या १३ खंडांत बरेच छापलेत. काहींचं मात्र नुसतं शीर्षकच. १७७६ मध्ये एन्टेल रद्द झालं, त्यानंतर ही खाण बंद.

मृत्युपत्राबद्दल एवढंच : त्यात नाव नाही म्हणजे मूल नाही असं होत नाही. लग्नात हिस्सा देऊन टाकलेली मुलगी आणि आधीच मळा लिहून दिलेला मुलगा बरेचदा गायब असतात.

चुकलेला_फेरफार

इतक्या प्रतिसादांत गुलामांच्या कुटुंबांवर एक ओळ नाही. कार्टर घराण्याचा इतिहास म्हणायचं तर मळ्यावरची माणसंही त्याच दप्तरात आहेत. बहुतेक तक्ते त्यांना ‘मालमत्ता’ रकान्यात ढकलून मोकळे होतात.

दप्तरदार

मान्य. तो भाग तुम्हीच लिहा.

चुकलेला_फेरफार

लिहितो.

१६६२ च्या कायद्याने मुलाची स्थिती आईवर ठरायची. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. म्हणून मालकाच्या कागदात आईचं नाव असतं आणि बापाचं बहुतेकदा नसतं. या वंशावळी आईकडूनच चढवाव्या लागतात.

किंग कार्टरची मालमत्ता-यादी याला सुखद अपवाद आहे. तो वारल्यानंतर केलेल्या त्या यादीत माणसं मळ्यामळ्याने आणि कुटुंबवार लिहिलेली आहेत : नवरा, त्याची बायको, मुलं आणि मुलांची वयं. उतरवताना क्रम अजिबात मोडू नका. अकारविल्हे लावलंत की कुटुंब विस्कटलं, आणि त्या कुटुंबाचा दुसरा पुरावा कुठेही नाही.

कोर्टाच्या ऑर्डर बुकातही नावं येतात, बहुधा भयंकर कारणाने. मार्च १७०७/०८ मध्ये किंगने लँकेस्टर कोर्टाकडून बांबारा हॅरी आणि डायना या दोघांच्या पायांची बोटं तोडायची परवानगी मिळवली. पळून जाऊ नयेत म्हणून. ‘बांबारा’ हे पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांचं नाव, म्हणजे एका शब्दात मूळ मुलूख कळतो. माणसाचा ठावठिकाणा लागतो तो नेमका अशा ओळीत.

आता १७९१. नातू रॉबर्ट, नॉमिनी हॉलवाला, याने १ ऑगस्ट १७९१ रोजी आपल्या गुलामांना मुक्त करण्याचं दानपत्र केलं आणि ५ सप्टेंबरला नॉर्थम्बरलंडच्या जिल्हा कोर्टात नोंदवलं. सोबतच्या यादीत ४५२ जणांची नावं, वयं आणि मळे. सगळ्यांना एकदम सोडलं नाही. २ जानेवारी १७९२ पासून दर वर्षी १५ जण, वयाने मोठे आधी. लहान मुली १८ व्या वर्षी, मुलगे २१ व्या वर्षी.

यावरून हिशेब मांडता येतो. यादीत ३ वर्षांची मुलगी असेल तर तिचं साल १८०६, मुलगा असेल तर १८०९. त्या सालाच्या आसपास काउंटीच्या ‘मुक्त निग्रो’ रजिस्टरमध्ये बघा. तिथे उंची, वर्ण, अंगावरच्या खुणा आणि मुख्य म्हणजे आडनाव मिळतं. दानपत्रात बऱ्याच जणांचं एकच नाव असल्याने जुळणी नाव + वय + मळा या तिन्हींवर करायची. नुसत्या नावावर केली तर दहा बेटी आणि पंधरा टॉम हाती लागतात.

१८०६ च्या कायद्याने नव्याने मुक्त झालेल्यांना १२ महिन्यांत राज्य सोडणं भाग होतं. म्हणून धाकट्या मुलांचा माग व्हर्जिनियात तुटला तर पुढचं राज्य धरा, ‘वारला’ लिहू नका.

मुळाक्षर

यादीत ‘लिओ’, ‘व्हर्गो’ अशी नावं दिसतात. ही माणसं की जागा?

चुकलेला_फेरफार

जागा. या रॉबर्टने मळ्यांना राशींची नावं दिली होती : मेष, वृषभ, मिथुन, कर्क, सिंह, कन्या, तूळ… ‘लिओचा सॅम’ म्हणजे सिंह मळ्यावरचा सॅम. लिओ त्याचा बाप नव्हे. ही चूक छापून आलेली पाहिली आहे.

शंकुसाखळी

अवांतर : उत्तर व्हर्जिनियात राहणारी मराठी मंडळी किंगच्या जमिनीवरून रोज गाडी हाकतात. हर्नडनजवळ फ्राइंग पॅन नावाच्या जागी १७२८ च्या सुमारास तांबं सापडलं असं वाटून त्याने दोन मुलगे आणि जावई मॅन पेज यांच्यासह कंपनी काढली. तांबं निघालं नाही. ऑकोक्वानकडून तिथवर काढलेला ऑक्स रोड तेवढा राहिला.

खापरपणतू

@दप्तरदार, पहिल्या प्रतिसादात भर : ब्रॅक्स्टनची आई मेरी आणि हॅरिसनची आई ॲन या दोघीही किंगच्या दुसऱ्या बायकोच्या. म्हणजे त्या दोघी सख्ख्या बहिणी आणि सह्या करणारे दोघे सख्खे मावसभाऊ. इंग्रजी तक्त्यांत नुसतं ‘कझिन’ आहे.